आधी थर्मामीटर, मग दिवा

वाचकाचं पत्र: «माझा मुलगा सात वर्षांचा आहे, वजन २० किलो. सिकलसेल, एसएस. मागच्या जूनमध्ये सरकारी दवाखान्यातून हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल सुरू झाली. तरी पावसाळ्यात दोनदा भरती करावं लागलं. नवरात्रात मी कोराडीच्या देवीला बोलले आणि तेव्हापासून लेकराला एकदाही दुखलं नाही. आमच्या गल्लीतल्या प्रार्थना मंडळाच्या एक मावशी म्हणाल्या, देवीवर सोपवलं आहेस तर औषध कशाला, तो अर्धा विश्वास झाला. डिसेंबरच्या मध्यापासून मी कॅप्सूल बंद केली, नवऱ्याला सांगितलं नाही. मागच्या आठवड्यात रात्री १०२ ताप आला. दिवा लावून रात्रभर नाव घेत बसले. पहाटे ताप उतरला. आता नवऱ्याला सगळं कळलंय, घरात भांडण आहे. चैत्रात नवस फेडायला मुलाला घेऊन अनवाणी जायचं ठरलंय. औषध पुन्हा सुरू केलं तर देवीचा अपमान होईल का? धाकटी मुलगी दीड वर्षाची आहे, तिला काही त्रास नाही.» – एक आई, उत्तर नागपूर

ताई,

तुमच्या पत्रात औषध बंद केल्याचं वाचून काळजी वाटली, पण त्याहून जास्त काळजी ‘पहाटे ताप उतरला’ या तीन शब्दांनी वाटली. उतरला हे फार बरं झालं. पण पुढचा ताप येईल तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे हीच रात्र उभी राहील आणि तुम्ही पुन्हा दिव्यापाशी बसाल. म्हणून नवस, अपमान, भांडण सगळं थोडं बाजूला ठेवू. आधी तापाचं.

पोटाच्या डाव्या अंगाला, बरगड्यांखाली प्लीहा असते. जुनी माणसं तिला पाणथरी म्हणतात. रक्तात शिरलेले जंतू गाळून काढणं हे तिचं मोठं काम. एसएस, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडूनही सिकलचा दोष आलेल्या मुलात, रक्तातल्या विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या लाल पेशी तिच्या बारीक वाटांमध्ये अडकतात आणि ती लहानपणीच निकामी होत जाते. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांची प्लीहा तपासताना हाताला मोठी लागते, म्हणून ती शाबूत असेल असं घरच्यांना वाटतं. मोठी असली म्हणून ती काम करते असं नाही. गाळणीच नसली की न्यूमोकोकससारखा जंतू काही तासांत रक्तभर होतो. संध्याकाळी अंगणात खेळणारं मूल पहाटेपर्यंत शॉकमध्ये जाऊ शकतं.

मागच्या आठवड्यातला ताप बहुधा विषाणूचा असावा. असे ताप आपले आपण उतरतात, दिवा लावला तरी आणि नाही लावला तरी. पण रात्री दोन वाजता विषाणूचा १०२ आणि न्यूमोकोकसचा १०२ सारखाच दिसतो. कपाळावर हात ठेवून अनुभवी डॉक्टरलाही खात्रीनं सांगता येणार नाही. त्यासाठी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी लागते, आणि त्याचा रिपोर्ट यायला एक-दोन दिवस जातात. म्हणून दवाखान्यात कल्चरसाठी रक्त काढून घेतात आणि रिपोर्टची वाट न बघता शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात, बहुतेक वेळा सेफ्ट्रियाक्झोन. त्या रात्री तुमच्या लेकराला हे मिळायला हवं होतं. मिळालं नाही तरी निभावलं. पण त्यावरून पुढच्या रात्रीबद्दल काहीच ठरत नाही.

तेव्हा घरचा नियम असा करा. आजच एक डिजिटल थर्मामीटर आणा. काखेत लावून १०१ फॅरनहाइट किंवा त्यावर आकडा दिसला की त्याच तासात दवाखाना, रात्र असो की सण. पॅरासिटामॉल द्यायला हरकत नाही, पण त्यानं ताप उतरला म्हणून घरी थांबू नका. औषध आकडा खाली आणतं, जंतू तिथेच राहतो. नेमकी इथेच अनेक घरांत चूक होते. गाडी नसेल तर १०८ लावा. मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स, नागपुरातल्या या सरकारी दवाखान्यांपैकी जे जवळ पडेल तिथे अपघात विभागात जा आणि पोहोचल्याबरोबर पहिलं वाक्य हेच बोला: ‘मूल सिकलसेल एसएस आहे, ताप इतका आहे, इतक्या वाजता आला.’ सिकल हा शब्द आधी गेला नाही तर साध्या तापाच्या रांगेत बसावं लागेल.

एका प्लॅस्टिकच्या पिशवीत केसपेपर, रक्तगट, शेवटचं हिमोग्लोबिन, चालू औषधं, लसींचं कार्ड आणि याआधी कधी रक्त चढवलं त्या तारखा घालून ती दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवा. रात्री दोन वाजता फाईल शोधण्यात पंधरा मिनिटं सहज जातात.

ताप नसतानाही तेवढंच पळावं लागतं अशा चार गोष्टी आहेत. मूल एकाएकी पांढरंफटक पडलं, गळून गेलं आणि पोटाची डावी बाजू फुगून टणक लागली, तर रक्त प्लीहेत साचतंय. हे हिमोग्लोबिन काही तासांत धोक्याच्या खाली नेतं. रोज आंघोळीच्या वेळी डाव्या बरगडीखाली बोटांनी हलकेच दाबून प्लीहा कुठवर लागते ते बघायला डॉक्टरांकडून शिकून घ्या, म्हणजे वाढली तर तुम्हालाच आधी कळेल. दुसरी, खोकला आणि छातीत दुखणं, त्यासोबत श्वास जोरात. शांत बसलेलं असताना पूर्ण एक मिनिट मोजा, सात वर्षांच्या मुलाचे श्वास ३० च्या वर गेले तर थांबू नका. तिसरी, तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, मग ते दहा मिनिटांत ठीक झालं तरी. हा मेंदूचा झटका, म्हणजे पक्षाघात असतो आणि सिकलमध्ये तो लहान मुलांनाही येतो. चौथी गोष्ट मुलं लाजेनं सांगत नाहीत: लघवीची जागा ताठ होऊन दुखत राहणं. दोन तासांत उतरलं नाही तर दवाखाना. हे त्याच्या बाबांनी त्याला आत्ताच, सरळ शब्दांत सांगून ठेवावं.

आता तुमच्या त्या चांगल्या महिन्यांकडे येऊ. नवस बोलल्यापासून दुखलं नाही हे तुम्ही खरंच पाहिलंय, ते कोणी खोटं म्हणू नये. फक्त तारखा शेजारी शेजारी मांडून बघा. कॅप्सूल जूनमध्ये सुरू झाली. हायड्रॉक्सीयुरिया गिळल्याबरोबर काम करत नाही. बाळ पोटात असतं तेव्हा त्याच्या रक्तात एक वेगळं हिमोग्लोबिन असतं, एचबीएफ. ते जिथे भरपूर असतं तिथे पेशी वाकत नाहीत, म्हणूनच सिकलचं बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. हे औषध तेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. नव्या पेशी बनून रक्तात त्यांचा भरणा व्हायला तीन ते सहा महिने लागतात. म्हणजे पावसाळ्यात दोनदा भरती व्हावं लागलं तेव्हा औषध अजून चढत होतं, आणि त्याचा जोर आला तो ऑक्टोबरच्या सुमारास, नवरात्राच्याच दिवसांत.

याची खूण तुमच्या फाईलमध्येच सापडेल. जूनआधीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा सीबीसी समोर ठेवा. ‘एमसीव्ही’ या ओळीतला आकडा दोन्हीत बघा. हायड्रॉक्सीयुरिया लागू पडलं की तो चढतो, कारण पेशी आकारानं मोठ्या होतात. एचबीएफची टक्केवारी काढली असेल तर तीही बघा. आकडे वाचायला त्रास झाला तर ओपीडीत विचारा, एका मिनिटाचं काम आहे.

मग डिसेंबरात बंद केल्यावरही दुखलं का नाही? एक म्हणजे वाढलेलं एचबीएफ एका दिवसात जात नाही, काही आठवडे ते दोन-तीन महिने ते ओसरत राहतं. दुसरं, सिकलचा स्वभावच असा की औषध नसतानाही मधले महिने शांत जातात आणि मग अचानक क्रायसिस, म्हणजे जोराचं दुखणं येतं. तुम्ही आत्ता त्या ओसरण्याच्या टोकाला उभ्या आहात. पुढे उन्हाळा आहे, आणि अंगातलं पाणी कमी होणं हे पेशी वाकण्याचं एक मोठं कारण आहे. म्हणून घाई करायची.

घाई करायची, पण घरात उरलेली पाकिटं काढून उद्यापासून गिळायला द्यायची नाहीत. डोस वजनावर ठरतो, दर किलोला दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅमपासून सुरुवात असते, आणि जूनपासून मुलाचं वजन बदललं असेल. २० किलोला २० मिलिग्रॅमनं ४०० होतात आणि नेहमीची कॅप्सूल ५०० ची येते, म्हणून काही मुलांना डॉक्टर आठवड्यातले ठरावीक दिवसच देतात. तो हिशेब घरी करू नका. आधी सीबीसी होईल, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ठीक दिसल्या की औषध सुरू होईल, मग सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि डोस बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी तपासणी. या औषधानं पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, एवढ्यासाठीच हे रक्त काढणं. नखं काळसर पडली तर घाबरू नका. एखादा दिवस राहून गेला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. कॅप्सूल घरी उघडू नका, गिळता येत नसेल तर तसं सांगा. घरात कोणी गरोदर असेल तर तिनं या औषधाला हात लावू नये. हे कॅन्सरचं औषध आहे असं कोणी ना कोणी सांगेलच. रक्ताच्या काही आजारांत ते वापरतात हे खरं, पण सिकलमध्येही त्याची नीट पारख झाली आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मोठ्या माणसांचे दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आले, आणि त्यानंतर मुलांमध्येही ते तपासून वापरात आलं.

आणि ओपीडीत खरं सांगा: ‘डिसेंबरच्या मध्यापासून बंद होतं.’ रागावतील या भीतीनं आया हे लपवतात. मग डॉक्टरांना वाटतं की औषध चालू असूनही एमसीव्ही उतरलं, म्हणजे डोस कमी पडतोय, आणि ते डोस वाढवतात. ही वाढ मुलाच्या पांढऱ्या पेशींवर बसते. रागावले तर दोन मिनिटं ऐकून घ्या.

त्याच भेटीत दोन गोष्टी विचारून या. न्यूमोकोकसची लस पूर्ण झाली का, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी झाली का. ही टीसीडी नावाची सोनोग्राफी आहे, दुखत नाही. २ ते १६ वर्षांच्या एसएस मुलांना ती वर्षातून एकदा सांगतात, कारण झटक्याचा धोका आधी कळतो.

घरी रोजचं मुख्य काम म्हणजे पाणी. २० किलोच्या मुलाला दिवसाला दीड लिटर लागतंच, नागपूरच्या उन्हाळ्यात दोन लिटर धरा. शाळेत बाटली बाकावर हवी आणि लघवीला जायची परवानगी केव्हाही हवी, बाईंना तसं लिहून द्या. या मुलांची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, म्हणून त्यांना वारंवार जावं लागतं आणि रात्री अंथरूणही ओलं होतं. त्यावरून मारू नका, कोणाला मारूही देऊ नका. हात-पाय थोडे दुखत असतील आणि ताप नसेल तर पाणी, कोमट शेक आणि पॅरासिटामॉल: २० किलोला ३०० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, दिवसात चार वेळांपेक्षा जास्त नाही. सिरपच्या बाटलीवरचा आकडा वाचा. ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असं असेल तर ६ मिली, पण १२० किंवा १२५ चं असेल तर तेवढ्यात औषध निम्मंच जाईल आणि तुम्हाला वाटेल की गुणच नाही. बर्फ लावू नका, थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात आणि वाकड्या पेशी आणखी अडकतात. दोन डोस होऊनही दुखणं हटलं नाही तर दवाखाना. रक्त कमी आहे म्हणून लोहाचं टॉनिकही आपल्या मनानं देऊ नका. इथे रक्त लोहाअभावी कमी नसतं, पेशी लवकर फुटतात म्हणून असतं. साधी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलची १० ते २०. म्हणून फॉलिक अ‍ॅसिड देतात, ते लिहून दिलं असेल तर चालू ठेवा.

तुमचा खरा प्रश्न देवीच्या अपमानाचा आहे. तुम्ही काय बोललात ते आठवून बघा. लेकरू बरं राहू दे, मी अनवाणी येईन, असंच काहीसं असेल. औषध देणार नाही असं तुम्ही देवीला कधी बोलला नव्हतात. ती अट नवरात्रानंतर मावशींनी घातली. नवसातून ती काढून टाकायला देवीची परवानगी लागत नाही. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आई जप करत बसते आणि आत भूल देणारे डॉक्टर नाडीवर लक्ष ठेवतात. त्या आईला कोणी म्हणत नाही की तुझा विश्वास अर्धा.

चैत्रात नवस जरूर फेडा. बोललात तुम्ही, तेव्हा अनवाणी तुम्ही चाला. मुलानं चालायचं नाही. तेव्हा पारा चाळिशीला टेकलेला असतो, तापलेल्या डांबरावर पाय पोळतात आणि घामावाटे पाणी जातं. त्याला बाबांसोबत सकाळी सातच्या आत गाडीनं येऊ द्या. पायात चपला, डोक्याला दुपट्टा, हातात बाटली. उपास त्याला धरायला लावू नका, अर्ध्या दिवसाचाही नाही. पहाटेची गार पाण्याची आंघोळ नको, कोमट घाला. रांग लांब असेल तर सावलीत बसवा आणि तुमचा नंबर आला की बोलवा. प्रसाद गरम आणि ताजा असेल तरच द्या. उघड्यावर राहिलेल्या अन्नातला साल्मोनेला सिकलच्या मुलाच्या हाडात शिरून बसतो आणि मग आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक घ्यावं लागतं. त्या दिवशी सकाळी आकडा १०१ दिसला तर कोराडीला तुम्ही एकट्या जायचं किंवा तारीख पुढे ढकलायची.

मावशींशी भांडू नका, त्यांना काम द्या. मंडळात आठ-दहा बायका असतील. तापाच्या रात्री धाकटीला कोण सांभाळेल, ऑटो कोण आणेल, भरती झाल्यावर डबा कोण पोहोचवेल, हे त्यांच्यात आत्ताच वाटून घ्या आणि नंबर कपाटाच्या दारावर चिकटवा. प्रार्थना वाटेत करा, वॉर्डाबाहेर करा. त्या औषध बंदच ठेवायला सांगत राहिल्या, तर मुलाच्या आजाराचं बोलणं त्यांच्यासमोर काढायचं बंद करा. बसणं-उठणं चालू राहू द्या.

नवऱ्याला तुम्ही लपवलं, हे त्यांना लागलंय. समजावण्यापेक्षा सोमवारी ओपीडीला सोबत घेऊन जा. फाईल त्यांच्या हातात द्या. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवशी रात्री जेवणानंतर कॅप्सूल त्यांनी द्यावी आणि कॅलेंडरवर खूण करावी, थर्मामीटर आणि १०१ चा नियम तुमच्याकडे. तापाच्या रात्री दोघांपैकी एकाला जरी दवाखान्यात जावंसं वाटलं तरी जायचं, दुसऱ्यानं वाद घालायचा नाही, एवढं आजच ठरवा.

धाकटीची सिकलची तपासणीही सोमवारीच व्हायला हवी, म्हणून त्याच दिवशी तिलाही न्या. मुलगा एसएस आहे म्हणजे बहुतेक तुम्ही दोघंही एएस, वाहक आहात. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला एसएस होण्याची शक्यता चारात एक असते, आणि एकाला झालं म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. त्रास नाही यावरून काही कळत नाही, दीड वर्षाचं बाळ एसएस असूनही हसतं-खेळतं असू शकतं. नुसत्या सोल्युबिलिटी तपासणीवर थांबू नका, त्यात एएस आणि एसएस वेगळे होत नाहीत. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी मागा. ती एसएस निघाली तर पाच वर्षांची होईपर्यंत दिवसातून दोनदा पेनिसिलीन द्यावं लागेल. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एवढ्याशा औषधानं लहान मुलांतला न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला होता. आणि रिपोर्ट येईपर्यंत १०१ चा नियम धाकटीलाही लावा.